अनुमापन (शालेय रसायनशास्त्र प्रात्यक्षिक)

अनुमापन ही द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे नेमके प्रमाण ठरविण्याची रासायनिक पद्धत आहे. हिच्यात दोन द्रावणे वापरली जातात. एकाची संहती अचूक माहीत असते, तर दुसऱ्याची शोधायची असते. एका द्रावणाचे ठरावीक आकारमान पात्रात घेऊन त्यात दुसरे द्रावण थेंबाथेंबाने मिसळतात आणि दोहोंतील अभिक्रिया पूर्ण होण्यास किती आकारमान लागले ते मोजतात. त्या आकारमानावरून अज्ञात संहतीचे गणन करता येते. आकारमान मोजून पदार्थाचे प्रमाण काढले जात असल्यामुळे या पद्धतीला आकारमानी विश्लेषण असेही म्हणतात.

महाराष्ट्रात उच्च माध्यमिक स्तरावरील (इयत्ता ११ वी व १२ वी) रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत अनुमापनाचा समावेश असतो. अनुमापनाला वीज किंवा महागडे यंत्र लागत नाही. एक ब्युरेट, एक पिपेट, एक शंकुपात्र व काळजीपूर्वक काम करणारा हात एवढ्यावर एक टक्क्याच्या आसपास अचूकता साधता येते. त्यामुळे नंदुरबारसारख्या डोंगराळ व आदिवासीबहुल जिल्ह्यातील साध्या प्रयोगशाळांतही ही पद्धत पूर्ण गुणवत्तेने वापरता येते. पाण्याचा कठीणपणा, मातीतील सेंद्रिय कर्ब आणि दुधाची आम्लता या स्थानिक महत्त्वाच्या तपासण्यांचा पायाही अनुमापन हाच आहे.

परिभाषा

अनुमापक : ब्युरेटमधून सोडले जाणारे द्रावण.
प्रमाण द्रावण : ज्याची संहती अचूक माहीत आहे असे द्रावण.
समतुल्यता बिंदू : दोन्ही पदार्थ रासायनिक समीकरणातील प्रमाणात एकत्र येतात तो क्षण. हा सैद्धांतिक बिंदू आहे.
अंतिम बिंदू : दर्शकाचा रंग प्रत्यक्ष बदलताना दिसतो तो क्षण. योग्य दर्शक निवडल्यास अंतिम बिंदू समतुल्यता बिंदूच्या अगदी जवळ असतो.
दर्शक : ठरावीक परिस्थितीत रंग बदलणारा पदार्थ, उदाहरणार्थ फिनॉल्फ्थॅलीन किंवा मिथिल ऑरेंज.
मोलारिटी : एक लीटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाच्या मोलांची संख्या.

मराठी पाठ्यपुस्तकांत आम्लाशी अभिक्रिया करून लवण देणाऱ्या पदार्थाला आम्लारी आणि त्या लवणाला क्षार म्हणतात. जुन्या ग्रंथांत व बोलीभाषेत मात्र सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थांनाही क्षार म्हटले जाते. हा फरक लक्षात न घेतल्यास समीकरणे वाचताना गोंधळ होतो.

इतिहास

अनुमापनाचा उगम शाळेत नव्हे, तर कापड उद्योगात झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये कापड शुभ्र करण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रावणे वापरली जाऊ लागली. द्रावण सौम्य असेल तर कापड पिवळट राही आणि तीव्र असेल तर धागा कुजे. द्रावणाची तीव्रता झटपट मोजण्याची गरज त्यातून निर्माण झाली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फ्रांस्वा देक्रवाझील यांनी १७९१ च्या सुमारास ब्युरेटचे आद्य रूप वापरात आणले. १८२४ मध्ये जोसेफ लुई गे-ल्युसॅक यांनी ब्युरेट व पिपेट ही नावे रूढ केली. १८४६ मध्ये फ्रेडरिक मार्गरीत यांनी लोहाचे प्रमाण ठरविण्यासाठी पोटॅशियम परमँगनेटचा उपयोग केला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फ्रिडरिक मोहर यांनी ब्युरेटला आजच्यासारखे सोयीचे रूप दिले आणि १८५५ मध्ये अनुमापनावरील सविस्तर पाठ्यग्रंथ प्रसिद्ध केला. बारावीच्या प्रयोगशाळेत वापरला जाणारा फेरस अमोनियम सल्फेट हा क्षार त्यांच्याच नावावरून मोहर क्षार म्हणून ओळखला जातो.

तत्त्व

अभिक्रिया करणारे पदार्थ नेहमी ठरावीक मोल-प्रमाणातच एकत्र येतात, या नियमावर अनुमापन आधारलेले आहे. ऑक्झॅलिक आम्लाच्या एका रेणूत दोन अभिक्रियाशील हायड्रोजन असतात. म्हणून त्याच्या १ मोलाच्या उदासिनीकरणास सोडियम हायड्रॉक्साइडचे २ मोल लागतात, आणि या अभिक्रियेत सोडियम ऑक्झलेट व पाणी तयार होते. एका पदार्थाचे मोल माहीत असले की दुसऱ्याचे मोल याच गुणोत्तरावरून निघतात.

रंगबदल एका थेंबाने अचानक का होतो, हे सामूच्या (पीएचच्या) बदलावरून समजते. ०.१ मोलारिटीच्या १० मिली हायड्रोक्लोरिक आम्लात त्याच संहतीचे सोडियम हायड्रॉक्साइड मिसळत गेल्यास, समतुल्यतेच्या एक थेंब आधी मिश्रणाचा सामू सुमारे ३.६ असतो आणि एक थेंब नंतर तो सुमारे १०.४ होतो. केवळ दोन थेंबांत सामू जवळजवळ सात एककांनी उडी घेतो. फिनॉल्फ्थॅलीन ८.२ ते १० या सामू-पट्ट्यात रंगहीनाचे गुलाबी होते, तर मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या पट्ट्यात लालाचे पिवळे होते. तीव्र आम्ल व तीव्र आम्लारी यांच्या अनुमापनात दोन्ही दर्शक चालतात. ऑक्झॅलिक आम्ल तुलनेने सौम्य असल्याने त्याच्या समतुल्यता बिंदूला मिश्रण किंचित आम्लारिधर्मी असते, म्हणून तेथे फिनॉल्फ्थॅलीनच वापरतात. हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडियम कार्बोनेट यांच्या अनुमापनात शेवटी कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्याने मिश्रण आम्लधर्मी असते, म्हणून तेथे मिथिल ऑरेंज घेतात.

उपकरणे

ब्युरेट ही खाली तोटी किंवा चिमटा असलेली अंशांकित काचनळी असते. शालेय ब्युरेटची क्षमता बहुधा ५० मिली व लघुतम माप ०.१ मिली असते. पिपेट ठरावीक आकारमान, बहुधा १० मिली, एका खुणेपर्यंत मोजून देते. शंकुपात्राचे तोंड अरुंद व बूड रुंद असते, त्यामुळे मिश्रण गोलाकार हलवताना सांडत नाही. प्रमाण द्रावणासाठी मानेवर एकच खूण असलेला मापी चंबू वापरतात. याखेरीज स्टँड, नरसाळे, पांढरी फरशी, वॉश बॉटल व पिपेटसाठी रबरी फुगा लागतो.

परमँगनेट रबराशी अभिक्रिया करते, म्हणून त्यासाठी काचेची तोटी असलेली ब्युरेट घेतात. सोडियम हायड्रॉक्साइड बराच काळ राहिल्यास काचेची तोटी घट्ट बसते, म्हणून प्रयोग संपताच ती पाण्याने धुणे आवश्यक असते.

प्रमाण द्रावण तयार करणे

जो पदार्थ शुद्ध मिळतो, हवेत टिकतो आणि अचूक वजन करता येतो त्याला प्राथमिक प्रमाण पदार्थ म्हणतात. स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्ल, मोहर क्षार व निर्जल सोडियम कार्बोनेट यासाठी योग्य आहेत. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि पोटॅशियम परमँगनेट साठवणुकीत अंशतः विघटित होते. त्यामुळे या दोहोंची संहती केवळ वजनावरून ठरविता येत नाही, ती अनुमापनानेच ठरवावी लागते.

स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्लाचे मोलीय वस्तुमान १२६ ग्रॅम आहे. ०.०५ मोलारिटीच्या १०० मिली द्रावणासाठी ०.६३ ग्रॅम स्फटिक लागतात. ते वजन करून नरसाळ्यातून मापी चंबूत घालतात, थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात पूर्ण विरघळवतात आणि नंतर खुणेपर्यंत पाणी भरतात. स्फटिक विरघळण्यापूर्वीच खुणेपर्यंत पाणी भरल्यास अंतिम आकारमान चुकू शकते.

कृती

१. ब्युरेट प्रथम पाण्याने आणि नंतर तिच्यात भरावयाच्या द्रावणाने विसळतात. पिपेटही तिच्यात घ्यावयाच्या द्रावणाने विसळतात. शंकुपात्र मात्र केवळ ऊर्ध्वपातित पाण्याने विसळतात.
२. नरसाळ्याने ब्युरेट शून्याच्या वर भरतात, तोटी उघडून टोकातील हवेचा बुडबुडा घालवतात, पातळी शून्यावर आणतात व नरसाळे काढून घेतात.
३. रबरी फुग्याच्या साहाय्याने पिपेटमध्ये १० मिली द्रावण घेऊन शंकुपात्रात सोडतात. पिपेटचे टोक पात्राच्या भिंतीला टेकवून द्रावण आपोआप उतरू देतात. टोकात राहणारा शेवटचा थेंब फुंकून काढत नाहीत, कारण पिपेटचे अंशांकन तो थेंब वगळूनच केलेले असते.
४. दर्शकाचे एक-दोन थेंब टाकतात. फिनॉल्फ्थॅलीन व मिथिल ऑरेंज स्वतःच सौम्य आम्ल किंवा सौम्य आम्लारी असल्याने जास्त दर्शक टाकल्यास निष्कर्ष बिघडतो.
५. शंकुपात्र पांढऱ्या फरशीवर ठेवून एका हाताने तोटी हाताळतात व दुसऱ्या हाताने पात्र सतत गोलाकार हलवतात. सुरुवातीला द्रावण सलग सोडता येते. रंग पडून नाहीसा होण्यास वेळ लागू लागला की एकेक थेंब सोडतात.
६. एका थेंबाने आलेला फिकट गुलाबी रंग हलवूनही सुमारे अर्धा मिनिट टिकला की तोटी बंद करून वाचन घेतात. गडद गुलाबी रंग म्हणजे अंतिम बिंदू ओलांडल्याची खूण होय. फिकट रंग काही वेळाने हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे नाहीसा होतो. ते पाहून आणखी अनुमापक घालणे चुकीचे असते.

पहिले अनुमापन भरभर करून अंतिम बिंदू कोणत्या दोन पूर्ण मिलीलीटरांच्या दरम्यान आहे ते पाहतात. याला पथदर्शी वाचन म्हणतात. त्यानंतर दोन वाचने जुळेपर्यंत काळजीपूर्वक अनुमापने करतात आणि जुळलेल्या वाचनाला स्थिर वाचन मानतात.

नोंद व गणन

ऑक्झॅलिक आम्लाची मोलारिटी ०.०५, पिपेटने घेतलेले आकारमान १० मिली आणि ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड अशी मांडणी असल्यास नोंदी पुढीलप्रमाणे होऊ शकतात. पथदर्शी वाचन ९ ते १० मिली आहे.

| अनुमापन | आरंभीचे वाचन (मिली) | अंतिम वाचन (मिली) | फरक (मिली) |
|---|---|---|---|
| १ | ०.० | ९.९ | ९.९ |
| २ | ९.९ | १९.७ | ९.८ |
| ३ | १९.७ | २९.५ | ९.८ |

स्थिर वाचन ९.८ मिली आहे. १० मिली आम्लात ०.०००५ मोल ऑक्झॅलिक आम्ल आहे. त्यासाठी दुप्पट, म्हणजे ०.००१ मोल सोडियम हायड्रॉक्साइड लागले. ते ९.८ मिली द्रावणात होते, म्हणून त्याची मोलारिटी ०.००१ भागिले ०.००९८, म्हणजेच ०.१०२ येते. सोडियम हायड्रॉक्साइडचे मोलीय वस्तुमान ४० ग्रॅम असल्याने एक लीटर द्रावणात सुमारे ४.०८ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आहे.

ब्युरेटचे लघुतम माप ०.१ मिली असल्यामुळे सुमारे १० मिलीच्या वाचनात एका लहान रेघेचा फरक म्हणजे एक टक्क्याची चूक होय. म्हणून उत्तर पाच-सहा दशांश स्थळांपर्यंत लिहिण्यास अर्थ नसतो.

परमँगनेट अनुमापन

बारावीत ऑक्सिडीकरण-क्षपण अभिक्रियेवर आधारित अनुमापन केले जाते. पोटॅशियम परमँगनेटचा १ मोल आम्लधर्मी माध्यमात मोहर क्षाराच्या ५ मोलांतील फेरस आयनांचे फेरिक आयनांत रूपांतर करतो. ०.१ मोलारिटीच्या १० मिली मोहर क्षारास ०.०२ मोलारिटीचे परमँगनेट १० मिली लागते. ऑक्झॅलिक आम्लाच्या बाबतीत हे प्रमाण परमँगनेटच्या २ मोलांस आम्लाचे ५ मोल असे आहे.

या प्रयोगात वेगळा दर्शक लागत नाही. परमँगनेटचा जांभळा रंग अभिक्रियेत नाहीसा होतो आणि अंतिम बिंदूनंतरचा पहिला जादा थेंब मिश्रणाला टिकाऊ फिकट गुलाबी छटा देतो. माध्यम आम्लधर्मी ठेवण्यासाठी विरल सल्फ्युरिक आम्लच वापरतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचे परमँगनेटमुळे क्लोरीनमध्ये ऑक्सिडीकरण होऊ शकते आणि नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. सल्फ्युरिक आम्ल कमी पडल्यास मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका दिसू लागतो. असे झाल्यास ते अनुमापन सोडून नव्याने करावे लागते.

ऑक्झॅलिक आम्ल व परमँगनेट यांची अभिक्रिया थंड स्थितीत मंद असते, म्हणून आम्ल ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तरीही पहिल्या काही थेंबांचा रंग जाण्यास वेळ लागतो. अभिक्रियेत तयार होणारे मँगनस आयन तिचे उत्प्रेरक असतात, त्यामुळे पुढे रंग झटपट जातो. परमँगनेट गडद असल्याने वक्रपृष्ठाचा तळ दिसत नाही, म्हणून वाचन वरच्या कडेवरून घेतात. रंगहीन द्रावणाचे वाचन वक्रपृष्ठाच्या तळावरून घेतात.

सामान्य चुका व त्यांचे परिणाम

• ब्युरेटमध्ये पाणी राहिल्यास अनुमापक विरल होते व वाचन जास्त येते.
• पिपेटमध्ये पाणी राहिल्यास शंकुपात्रात पदार्थ कमी जातो व वाचन कमी येते.
• शंकुपात्र द्रावणाने विसळल्यास त्यात जादा पदार्थ राहतो व वाचन जास्त येते. ऊर्ध्वपातित पाणी राहिल्यास मात्र फरक पडत नाही, कारण पाण्याने मोलांची संख्या बदलत नाही.
• टोकातील बुडबुडा मध्येच निघाल्यास तेवढे आकारमान वाचनात नाहक मोजले जाते.
• नरसाळे ब्युरेटवरच राहिल्यास त्यातील थेंब नंतर खाली पडून वाचन बदलते.
• डोळा पातळीच्या समोर नसल्यास दृष्टिभेदामुळे वाचन चुकते.

अपेक्षित उत्तर आधी माहीत असल्याने वाचने त्याप्रमाणे लिहून काढणे ही सर्वांत गंभीर चूक होय. न जुळलेले वाचन नोंदवहीत राहिले तर त्याचे कारण शोधता येते, बदलून लिहिल्यास ती संधी जाते.

सुरक्षितता

तोंडाने पिपेट ओढणे धोकादायक आहे. ऑक्झॅलिक आम्ल विषारी असून सोडियम हायड्रॉक्साइड तोंड व अन्ननलिका भाजते. रबरी फुगा उपलब्ध नसल्यास सुई काढलेल्या प्लॅस्टिक सिरिंजला रबरी नळी जोडून पिपेट भरता येते. ब्युरेट भरताना ती डोळ्यांच्या पातळीखाली आणतात. सल्फ्युरिक आम्ल विरल करताना नेहमी पाण्यात आम्ल ओततात, आम्लात पाणी ओतत नाहीत. डोळ्यात द्रावण गेल्यास तत्काळ वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुऊन वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते.

नंदुरबार जिल्ह्यातील संदर्भ

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून साक्षरता सुमारे ६४ टक्के होती. येथील कनिष्ठ महाविद्यालये राज्य मंडळाच्या नाशिक विभागीय मंडळाच्या कार्यक्षेत्रात येतात. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प नंदुरबार व तळोदे येथे असून त्यांच्या अखत्यारीत आश्रमशाळा चालतात.

प्रात्यक्षिकाची भाषा : बारावीच्या रसायनशास्त्राच्या १०० गुणांपैकी ७० गुण लेखी व ३० गुण प्रात्यक्षिक परीक्षेला असतात. जिल्ह्यातील अनेक विद्यार्थ्यांची मातृभाषा भिली, पावरी किंवा मावची असते. दहावीपर्यंत ते मराठीतून शिकतात आणि अकरावी विज्ञान शाखेत त्यांना इंग्रजी पाठ्यपुस्तकांना सामोरे जावे लागते. भाषेचा हा दुहेरी बदल लेखी विषयांत अडसर ठरतो. अनुमापनात मात्र रंगबदल, पातळी व थेंब डोळ्यांनी दिसतात. प्रत्यक्ष कृती आधी व संज्ञा नंतर या क्रमाने शिकविल्यास समतुल्यता व मोल या अमूर्त कल्पनांनाही हाती आधार मिळतो.

पाण्याचा प्रश्न : जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असून तापीच्या खोऱ्यात गाळाची जमीन आहे. विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात सामान्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे असतात. ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी असे पाणी वापरल्यास प्रयोग बिघडतो. समजा पाण्याची अल्कता लीटरला ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी आहे आणि त्यातील २० मिली पाणी सोडियम कार्बोनेट असलेल्या शंकुपात्रात घातले. मिथिल ऑरेंजच्या अंतिम बिंदूपर्यंत ०.१ मोलारिटीचे हायड्रोक्लोरिक आम्ल १.२ मिली जास्त लागते. १० मिलीच्या वाचनात ही १२ टक्क्यांची चूक आहे. ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण अशा पाण्यात केल्यास कॅल्शियम ऑक्झलेटमुळे ते गढूळ होऊ शकते. ऊर्ध्वपातित पाणी नसल्यास स्वच्छ भांड्यात थेट आकाशातून धरलेले पावसाचे पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा पुष्कळ सरस ठरते.

हाच दोष अभ्यासाचा विषयही होऊ शकतो. पाण्याचा एकूण कठीणपणा ईडीटीए या संयुगाच्या अनुमापनाने ठरवितात. अमोनिया बफरने सामू १० ठेवून एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकल्यास अंतिम बिंदूला मद्यासारखा लाल रंग निळा होतो. ०.०१ मोलारिटीचे १ मिली ईडीटीए १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या समतुल्य असते. भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लीटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि पर्यायी स्रोत नसल्यास ती ६०० मिलिग्रॅमपर्यंत मान्य आहे. गावच्या विहिरीचे पाणी तपासणारा विद्यार्थी या आकड्यांशी आपले वाचन ताडून पाहू शकतो.

माती व दूध : मातीतील सेंद्रिय कर्ब ठरविण्यासाठी १९३४ पासून प्रचलित असलेल्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत उरलेल्या डायक्रोमेटचे फेरस अमोनियम सल्फेटने अनुमापन करतात. म्हणजे मृदा चाचणी प्रयोगशाळेत बारावीच्या प्रयोगातलाच मोहर क्षार वापरला जातो. या पद्धतीत तीव्र सल्फ्युरिक आम्ल व कर्करोगकारक क्रोमियम संयुग लागते, त्यामुळे ती शालेय प्रयोगशाळेसाठी योग्य नाही. दुधाची आम्लता मात्र शाळेत सहज तपासता येते. १० मिली दुधात फिनॉल्फ्थॅलीन टाकून ०.१ मोलारिटीच्या सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करतात. प्रत्येक मिलीलीटर ०.००९ ग्रॅम लॅक्टिक आम्लाच्या समतुल्य धरतात. १.५ मिली लागल्यास आम्लता सुमारे ०.१३५ टक्के येते, जी ताज्या दुधाच्या पल्ल्यात बसते. नासू लागलेल्या दुधात ती वाढलेली आढळते.

नैसर्गिक दर्शक : सातपुड्यात वसंताच्या आरंभी फुलणाऱ्या पळसाच्या फुलांचा अर्क आम्लारी माध्यमात अधिक गडद नारिंगी-लाल होतो. हळदीतील कुरकुमीन सामू सुमारे ७.५ ते ८.५ च्या दरम्यान पिवळ्याचे तांबूस-तपकिरी होते. जास्वंदीचा अर्कही आम्ल व आम्लारीत वेगवेगळे रंग दाखवितो. या अर्कांचा रंग हळूहळू बदलत असल्याने अंतिम बिंदू काहीसा संदिग्ध राहतो. त्यामुळे एकाच नमुन्याचे फिनॉल्फ्थॅलीन व हळद अशा दोन्ही दर्शकांनी अनुमापन करून वाचनांतील फरक पाहणे हा उपयुक्त प्रकल्प ठरतो.

अल्प साधनांतील अनुमापन : ब्युरेट अपुऱ्या असल्यास अंशांकित प्लॅस्टिक सिरिंज किंवा एकाच ड्रॉपरने मोजलेले थेंब वापरून लघुप्रमाणावर अनुमापन करता येते. संहतींचे गुणोत्तर थेंबांच्या गुणोत्तरावरून निघते. अशा अनुमापनाची अचूकता कमी असली तरी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः प्रयोग करता येतो आणि रसायने कमी लागतात.

शालेय अभ्यासक्रमातील हेतू

अनुमापनाचा शैक्षणिक हेतू केवळ अज्ञात संहती काढणे एवढाच नाही. अचूक वजन व मापन, एकाच प्रयोगाची पुनरावृत्ती, उपकरणाच्या मर्यादेची जाण, चुकीच्या दिशेचा अंदाज आणि मिळाले तेच नोंदविण्याची सवय हे त्यातून साधावयाचे असते. अन्न, औषध, पाणी, साखर व दुग्ध उद्योगांतील गुणवत्ता-नियंत्रणात आज स्वयंचलित अनुमापन यंत्रे वापरली जातात. तरी त्यांच्या निष्कर्षाची विश्वासार्हता अखेर अचूक प्रमाण द्रावणावरच अवलंबून असते.

हे सुद्धा पहा

आम्ल
आम्लारी
सामू
मोल (एकक)
पोटॅशियम परमँगनेट
कठीण पाणी
नंदुरबार जिल्हा